काच बदलली, कोड पुसला, तरी एडासचा दिवा परत लागतो? आधी सांगा, कधी लागतो

समोरची काच बदलून आणली. मीटरमध्ये एडासचा, म्हणजे गरज पडली की आपोआप ब्रेक लावणाऱ्या आणि गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या यंत्रणेचा, दिवा लागला. गॅरेजवाल्याने स्कॅनर लावून बिघाडाचा कोड पुसला आणि दिवा घालवून दिला. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी मीटरमध्ये तोच पिवळा दिवा हजर. परत गॅरेज, परत स्कॅनर, परत दोन दिवस शांतता. चौथ्या फेरीला माणूस एकतर दिव्याकडे बघायचं सोडतो, नाहीतर माझ्याकडे येतो.

कऱ्हाडजवळ हायवेलगत माझं काचेचं दुकान आहे. सातारा ते कागल सहापदरीचं काम निघाल्यापासून डंपरच्या चाकातून उडालेली खडी हेच माझं भांडवल, हे कबूल करायला लाज कसली! काम मात्र पूर्वीसारखं राहिलेलं नाही. जुन्या गाडीत रबराच्या बीडिंगमध्ये काच बसायची. दोन माणसं, एक दोरी, झालं काम. मग काच पीयूने, म्हणजे पॉलियुरेथेनच्या गोंदाने, चिकटवायचा जमाना आला. २०२१ मध्ये एक्सयूव्ही ७०० आणि अ‍ॅस्टर आल्या, मागोमाग हॅरियर, व्हर्ना, सेल्टॉस, हायक्रॉस, एलिव्हेट यांतही एडास आलं आणि आरशामागे काचेला एक कॅमेरा चिकटला. तेव्हापासून काच म्हणजे नुसती काच राहिली नाही. तो कॅमेऱ्याचा चष्मा झाला. चष्म्याचा नंबर चुकला की जे होतं तेच गाडीचं होतं.

गेल्या उन्हाळ्यात हळदीचा व्यापार करणारे एक काका आले. मोठी डिझेल एसयूव्ही, काच दुसरीकडे बदललेली, दिवा तीनदा पुसलेला. मी स्कॅनर हातात घेतलाच नाही. विचारलं, "काका, दिवा लागतो कधी?"

"लागतो म्हणजे लागतोच की."

"तसं नव्हे. सकाळी, दुपारी, पावसात, घाटात, नेमका कधी?"

जरा आठवून म्हणाले, "सकाळी सातला सांगलीला निघतो तेव्हा कधीच नाही. दुपारी यार्डातनं बाहेर पडलो की पाच मिनिटांत."

"गाडी सावलीत असते?"

"यार्डात सावली कुठली रे बाबा?"

आरशामागचं प्लास्टिकचं कव्हर काढलं. कॅमेरा ज्या ब्रॅकेटमध्ये बसतो तो ब्रॅकेट काचेला कंपनीतूनच चिकटून येतो. इथे मात्र जुन्या फुटक्या काचेवरचा ब्रॅकेट उचकटून नव्या काचेवर लावला होता. उचकटताना त्याचा एक कान तुटलेला, आणि त्या जागी कॅमेऱ्याखाली दुहेरी चिकटपट्टी. सकाळी गारव्यात पट्टी घट्ट. दुपारी काच तापली की पट्टी मऊ पडायची आणि कॅमेरा केसभर खाली झुकायचा. दरवेळी दिवा पुसला जायचा तो संध्याकाळी, गाडी निवल्यावर. कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेऱ्याला सरळ काय ते शिकवणं, तेसुद्धा केलेलं होतं. पण हलणाऱ्या कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन म्हणजे वाऱ्यावर हलणाऱ्या ओळंब्याने भिंत बांधणं.

केसभराने काय होतंय, असं वाटेल. हिशोब करून बघा. कॅमेऱ्याची नजर एका अंशाने बाजूला सरकली तर १०० मीटर पुढे ती जवळजवळ पावणेदोन मीटर चुकते. आपल्या हायवेची एक लेन साडेतीन मीटरची. म्हणजे अर्धी लेन गेली. ताशी १०० च्या वेगात गाडी एका सेकंदात २८ मीटर जाते. शेजारच्या लेनमधला ट्रक आपल्याच पुढे आहे असं कॅमेऱ्याला वाटलं, तर ब्रेक कधी आणि कशासाठी लागेल हे देव जाणे.

म्हणून दिवा परत येत असेल तर पहिलं काम म्हणजे वही काढा. तीन-चार दिवस फक्त लिहा: दिवा लागला तेव्हा किती वाजले होते, ऊन की पाऊस, गाडी किती वेळ चालली होती, सूर्य कुठे होता, पडद्यावर अक्षरं काय आली. पडद्याचा फोटो काढलात तर उत्तम, अर्थात गाडी थांबवून.

किल्ली फिरवताच लागतो आणि जातच नाही

यात रहस्य फार नाही. काच बदलताना कॅमेऱ्याचा कनेक्टर काढावा लागतो. तो नीट बसला नसेल तर कॅमेऱ्याशी संपर्क तुटल्याचा कोड येतो. नाहीतर कॅलिब्रेशन झालेलंच नाही, असा कोड येतो. स्कॅनरवर हे दोन्ही कोड वेगळे दिसतात, त्यामुळे "एरर आहे" एवढ्यावर समाधान मानू नका, कोणता ते विचारा. तिसऱ्या जातीचा कोड म्हणजे दृश्य अडलं आहे. तो कॅमेऱ्याच्या दुखण्याचा नसतो, त्याच्यासमोर काहीतरी आल्याचा असतो.

कनेक्टर आणि कॅलिब्रेशन दोन्ही ठीक असतील तर काचच चुकीची असण्याची शक्यता धरा. एकाच गाडीच्या समोरच्या काचेचे तीन-चार प्रकार असतात: कॅमेऱ्याची, बिनकॅमेऱ्याची, रेन सेन्सरची, आवाज कमी करणारी. काही गाड्यांत वेग काचेवर दिसतो, त्यांची काच आणखी निराळी. तिथे साधी काच बसवली की आकडे दुहेरी दिसतात. काच मॉडेलच्या नावावर मागवायची नाही, चॅसिस नंबरवर मागवायची. आणि काचेच्या कोपऱ्यात आयएसआयची खूण बघून घ्यायची.

हायवेला काही वेळ चालल्यावर लागतो

कॅलिब्रेशनच्या दोन तऱ्हा. एकात गाडी सपाट फरशीवर उभी करून पुढे ठरलेल्या अंतरावर आणि उंचीवर नक्षीचा बोर्ड ठेवतात आणि कॅमेऱ्याला सांगतात, हे बघ, हे सरळ. दुसऱ्यात स्कॅनर जोडून गाडी रस्त्यावर पळवतात आणि कॅमेरा लेनचे पट्टे बघून स्वतःच शिकतो. काही गाड्यांना पहिली लागते, काहींना दुसरी, काहींना दोन्ही.

दुसऱ्या तऱ्हेत आमच्या भागात गंमत होते. कॅमेऱ्याला हवेत स्वच्छ पांढरे पट्टे, एकसारखा वेग आणि सलग रस्ता. आमच्याकडे काय आहे? डायव्हर्जन, अर्धे खरवडलेले पट्टे आणि मधेच सिमेंटचे ठोकळे. मेकॅनिक अर्धा तास फिरून येतो, शिकणं अर्धवट राहतं, तो कोड पुसतो आणि गाडी देऊन टाकतो. मग तुम्ही चांगल्या रस्त्याला लागलात की कॅमेरा म्हणतो, माझं शिक्षण बाकी आहे. अशा वेळी गाडीत दोष नसतो. कॅलिब्रेशनचा ड्राइव्ह पट्टे ठळक असलेल्या मोकळ्या रस्त्यावर, दिवसा, पाऊस नसताना परत करून घ्या. पुण्या-मुंबईकडच्यांना द्रुतगती मार्ग आहे, नागपूर-नाशिककडच्यांना समृद्धी आहे. आम्ही पहाटे उठतो आणि काम नसलेला तुकडा शोधतो.

दुपारी, उन्हात

काकांची कथा वर आलीच. पण एक खुलासा हवा. कडक उन्हात तासन्‌तास उभी केलेली गाडी सुरू केली की कॅमेरा स्वतःच तापलेला असतो आणि थोडा वेळ सुट्टी घेतो. पडद्यावर तसा मजकूरही येतो. एसी लावून हवा काचेकडे वळवली की काही मिनिटांत तो कामावर परततो. यात बिघाड नाही, काच बदलण्यापूर्वीही हे होत असणार, तुमचं लक्ष आता गेलं इतकंच. विदर्भातल्या मंडळींनी तर हे गृहीतच धरावं. कॅमेरा गार होऊनही दिवा तसाच राहिला, तर मात्र ब्रॅकेट बघा.

सूर्य समोर असताना किंवा रात्री समोरून गाड्या येताना

कॅमेऱ्याच्या पुढे काचेलगत एक काळी खोबणीसारखी टोपी असते. खालून डॅशबोर्डवरून येणारा उजेड अडवायचं तिचं काम. काच बदलताना ती बऱ्याचदा तुटते किंवा "एवढी एक राहिली" म्हणून डिकीत पडते. कव्हर काढून ती जागेवर आहे का बघा.

टोपी जागेवर असेल तर काचेवर काय चढवलंय ते पाहा. काचेच्या माथ्यावर काळी-हिरवी पट्टी मारायची हौस अनेकांना असते, आणि ती नेमकी कॅमेऱ्याच्या खिडकीवर येते. नियमाप्रमाणे समोरच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, हा कायद्याचा भाग झाला. कॅमेऱ्याला तर आपल्या खिडकीवर काहीच नको असतं. डॅशबोर्डवरचा पांढरा टॉवेल, चकचकीत गणपती, पॉलिश मारून आरशासारखा केलेला डॅश, या सगळ्यांचं प्रतिबिंब काचेत उमटतं. गणपती राहू द्या, पण जरा डावीकडे सरकवा.

पावसात

इथे तीन गोष्टी असतात आणि तिन्ही काच बसवणाऱ्याच्या हातच्या आहेत.

वायपर आपोआप चालणाऱ्या गाडीत रेन सेन्सर काचेला पारदर्शक जेलच्या चकतीने चिकटतो. जुनी चकती परत वापरली की मध्ये हवेचे बुडबुडे राहतात. मग कोरड्या काचेवर वायपर नाचतो आणि धो धो पावसात गप्प बसतो. नवी चकती लावणं एवढाच त्यावर उपाय.

दुसरी गोष्ट कुणी बघत नाही. काच काढण्यापूर्वी वायपरचे दांडे काढावे लागतात. परत बसवताना दांडा एका दात्याने खाली-वर बसला तर पातं कॅमेऱ्यासमोरची जागा पुसतच नाही. माणसाला समोरचं स्वच्छ दिसतं, कॅमेऱ्याच्या डोळ्यात मात्र पाण्याचा थर. काचेवर पाणी टाका, वायपर एकदा फिरवा आणि बाहेर उभं राहून कॅमेऱ्यासमोरचा चौकोन कोरडा झाला का ते बघा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तिसरी म्हणजे गळती. वरच्या कडेतून पाणी झिरपलं की ते छताच्या कापडामागून थेट कॅमेऱ्याच्या कनेक्टरवर उतरतं. दिवा पावसात लागतो आणि दुसऱ्या दिवशी उन्हात आपसूक जातो. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसवा, बाहेरून पाइपने हळू पाणी सोडा, खालून सुरुवात करून वर जा. जोराचा फवारा मारू नका, आणि काच नुकतीच बसवलेली असेल तर मुळीच नको.

आंबोली, महाबळेश्वरच्या धुक्यात लागणारा दिवा बहुधा खरा असतो. तुम्हाला दिसत नाही, त्यालाही दिसत नाही.

दिवा लागत नाही, पण गाडी एका बाजूला ओढते

मला सगळ्यात भीती वाटते ती याची. मीटर स्वच्छ, कोड नाही, मालक खूश. पण लेन असिस्ट (गाडी लेनमध्ये ठेवणारी सोय) चालू केला की गाडी डाव्या पट्ट्याला घासून चालते, नाहीतर स्टेअरिंग उगाच हलके झटके देतं. कॅलिब्रेशन झालेलं असतं, पण चुकीच्या जागेवर. फरशीला उतार होता, चाकांत हवा कमी-जास्त होती, डिकीत हळदीची पोती होती, बोर्ड टेपने न मोजता नजरेने लावला होता. कॅमेऱ्याने तेच "सरळ" म्हणून पाठ केलं. बिचाऱ्याचा काय दोष?

आणि कॅमेऱ्यावर आरोप ठेवण्यापूर्वी चाकांचं अलाइनमेंट तपासा. खड्ड्यात आपटून मागचा धुरा तिरका झाला असेल तर गाडी तोंड एकीकडे आणि चाल दुसरीकडे अशी खेकड्यासारखी जाते. अशा गाडीवर कितीही वेळा बोर्ड लावा, उत्तर चुकणारच. क्रम कायम हा: आधी हवा, मग अलाइनमेंट, मग काच आणि ब्रॅकेट, सगळ्यात शेवटी कॅलिब्रेशन. ज्या गाडीत बंपरमागे रडारही आहे तिचं रडार वेगळं तपासतात, काच बदलली म्हणून ते बिघडत नाही. एलिव्हेटसारखी गाडी मात्र पुढचं सगळं एकट्या कॅमेऱ्यावर बघते. तिथे कॅमेरा चुकला की सगळंच चुकलं.

शंका फिटेपर्यंत लेन असिस्ट आणि अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत वेग सांभाळणारी सोय) मेन्यूतून बंद ठेवा. गाडी साध्या गाडीसारखी चालते. ऑटो ब्रेक मात्र बऱ्याच गाड्यांत पुढच्या वेळी गाडी सुरू केली की आपोआप परत चालू होतो, ते ध्यानात असू द्या. आणि "बघू तरी लागतो का" म्हणून मित्राला गाडीपुढे उभं करू नका. हसू नका, माझ्या दुकानासमोर एकाने केलंय.

काच अजून बदलायची असेल तर

टवका रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान असेल, चालवणाऱ्याच्या नजरेसमोर नसेल आणि कॅमेऱ्याच्या खिडकीत नसेल, तर रेझिन भरून काम भागतं. लगेच मात्र यायला हवं, धूळ-पाणी शिरायच्या आत. तोवर वर पारदर्शक टेप लावा. तापलेल्या काचेवर एसीचा झोत किंवा गार पाणी मारलं की टवक्याची फट होते आणि फट या टोकापासून त्या टोकाला पळते. कॅमेऱ्यासमोरचा टवका कितीही बारीक असला तरी मी रेझिन भरत नाही. आपल्या डोळ्याला तो ठिपका दिसत नाही, पण प्रकाश तिथे वाकतो.

बदलायचीच ठरली तर समोर उभं राहून तीन गोष्टी बघा. जुना पीयू खरवडताना पत्र्याचा रंग गेला तर तिथे प्रायमर लागला पाहिजे, नाहीतर कोकणातल्या खाऱ्या हवेत वर्षभरात गंज आणि गळती. काचेखालचे टेकू जागेवर हवेत, नाहीतर पीयू ओला असताना काच दोन मिलिमीटर खाली सरकते आणि तिच्याबरोबर कॅमेराही. आणि गाडी ताब्यात कधी मिळणार, हे मालकाच्या घाईवर ठरत नाही, पीयूच्या नळीवर छापलेल्या वेळेवर ठरतं. हा पीयू हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. पावसाळ्यात लवकर, कोरड्या थंडीत उशिरा. तोवर दारं दणकन लावायची नाहीत, एक खिडकी बोटभर उघडी ठेवायची. शेजारच्या सीटची एअरबॅग उघडताना काचेचाच आधार घेते, हे लक्षात आलं की तासभर थांबायचा कंटाळा येत नाही.

विम्याचं थोडक्यात. काचेवर घसारा कापत नाहीत. बीडिंग, क्लिपा अशा रबर-प्लास्टिकवर ५० टक्के कापतात, झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर. सक्तीची वजावट, म्हणजे क्लेममधला आपल्या खिशातून जाणारा भाग, १५०० सीसीपर्यंत १,००० रुपये आणि त्यावर २,०००. बाकी क्लेममुळे नो क्लेम बोनस जातो का ते पॉलिसीत बघा. माझं सांगणं एकच, कॅलिब्रेशनचा खर्च एस्टिमेटमध्ये वेगळ्या ओळीत लिहून घ्या आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरची मंजुरी काम सुरू व्हायच्या आधी मिळवा. नंतर "हे काय नवीन काढलं?" म्हणून तो आकडा कापला जातो आणि मग गॅरेजवाला नुसता कोड पुसून गाडी देतो. परत येणाऱ्या निम्म्या दिव्यांचं मूळ या कागदात असतं, असा माझा संशय आहे.

जुन्या काचेबरोबर फास्टॅग जातो. तो सोलून परत लावता येत नाही, बँकेकडून नवा घ्यावा लागतो. पहिल्याच टोलनाक्यावर हे आठवण्यापेक्षा आधी आठवलेलं बरं. हाय सिक्युरिटी नंबरप्लेटबरोबर काचेला आतून लावलेला रंगीत स्टिकरही जातो, पेट्रोल-सीएनजीला निळा, डिझेलला नारिंगी, तोही नवा मागवा. दोन्ही लावताना कॅमेऱ्याची आणि रेन सेन्सरची जागा सोडून.

हळदवाल्या काकांना नवी काच घ्यावी लागली, ब्रॅकेटसकट आलेली. आधी अलाइनमेंट, मग रात्रभर गाडी दुकानात, सकाळी कॅलिब्रेशन. भर दुपारी यार्डातून फोन आला, "नाही लागला." उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवा नाही. मग दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन.

"लागला रे परत."

"कधी लागला?" मी विचारलं.

"आज सकाळपासनं. काल पूजा केली नि आज यार्डात आलो, तवापासनं."

"पडद्यावर काय लिहिलंय? कॅमेरा की रडार?"

थोडा वेळ शांतता. "रडार."

"काका, पुढच्या जाळीवर झेंडूचा हार आहे का?"

"आहे की. चांगला हातभर जाड."

रात्री पाऊस पडून गेला होता. भिजलेला हार रडारच्या तोंडावर. तो काढून काकांनी बॉनेटवर ठेवला, गाडी बंद करून चालू केली आणि फोन न ठेवताच म्हणाले, "गेला बघ."